पाणी आधी, मासोळी मागून

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आज आम्ही सावनेरहून मासोळीबद्दल बोलणार आहोत. खायच्या मासोळीबद्दल नाही, काचेच्या टाकीतल्या रंगीत मासोळीबद्दल. कापूस, सोयाबीन आणि संत्र्याच्या तालुक्यात हे खूळ कुठून आलं, असं तुमच्यापैकी काही जणी म्हणतील. आमच्या घरचेही तेच म्हणाले होते. पण दवाखाना असो, मोबाइलचं दुकान असो की ब्यूटी पार्लर, आता जिथे तिथे एक टाकी दिसते, आणि त्यातली मासोळी मेली की मालक नागपूरला जाऊन नवी घेऊन येतो. रंगीत माशांचा देशातला मोठा व्यापार कोलकाता आणि चेन्नईचा. एवढ्या दुरून पिशवीत बसून येण्यापेक्षा मासोळी सावनेरातच का वाढवू नये, असा विषय गटाच्या बैठकीत निघाला. ठराव झाला. अंतर्गत कर्जातून 18,000 रुपये उचलले. दोन टाक्या, लोखंडी स्टँड, हवेचे पंप, स्पंजचे फिल्टर, खाद्य आणि 40 मासोळ्या आणल्या.

नऊ दिवसांत त्यातल्या 33 मेल्या.

कसं झालं ते जसंच्या तसं सांगतो, कारण नवीन टाकी लावणाऱ्या बहुतेकांच्या हातून हेच होतं. संक्रांतीनंतर टाकी आली. एका ताईच्या समोरच्या खोलीत ठेवली. मोटर लावून बोरचं पाणी थेट टाकीत सोडलं. तळाला रंगीत खडे, दोन प्लॅस्टिकची झाडं. पाणी इतकं नितळ की मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. नारळ फोडला आणि त्याच संध्याकाळी चाळीसच्या चाळीस गप्पी आणि मोली आत सोडल्या. मग गल्लीतली पोरं पाहायला येऊ लागली. प्रत्येक बाई कौतुकाने चिमूटभर खाद्य टाकायची. मासोळी तोंड उघडते, म्हणजे तिला भूक लागली, असंच आम्हाला वाटायचं.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. आम्ही घाबरलो. मासोळ्या बादलीत काढल्या, टाकी काथ्याने घासली, खडे उन्हात वाळवले, स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. नळाच्या पाण्याला त्या दिवशी ब्लीचिंग पावडरचा चांगलाच वास होता. तेच पाणी भरलं. आपण बायका घासण्यापुसण्यात कधी कमी पडत नाही, आणि इथे नेमकं तेच नडलं. पाचव्या दिवशी मासोळ्या वर येऊन तोंडं उघडझाप करू लागल्या. सातव्या दिवशी सकाळी 11 पालथ्या. नवव्या दिवशी मोजल्या तर 7 उरलेल्या.

त्या आठवड्यात टाकीची जबाबदारी गटात सगळ्यात नवीन आलेल्या एका ताईकडे होती. "काहून मेल्या वं मासोळ्या? काय टाकलं तू?" असं सुरू झालं. एकीने म्हटलं नजर लागली. दुसरीने तर तिला सगळ्यांसमोर विचारलं, की त्या चार दिवसांत टाकीत हात घातला होता का. हे रेडिओवर सांगायला आम्हाला लाज वाटते, पण झालं ते झालं. ती ताई त्यानंतर दोन बैठकांना आली नाही. बचतीचे पैसे शेजारणीच्या हाती पाठवत राहिली.

मग मत्स्यशास्त्र शिकलेल्या एका मॅडमना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टाकी किती दिवसांची आहे?" आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितलं, "नवी कोरी आहे." त्या म्हणाल्या, "तिथेच गडबड आहे."

त्यांनी समजावलं ते असं. मासोळी शेणासारखी घाण करते एवढंच आपल्याला दिसतं. पण तिच्या कल्ल्यांतून सारखा अमोनिया बाहेर पडत असतो. उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. युरियाची ओली गोणी उघडल्यावर जो उग्र वास नाकात जातो, तोच हा अमोनिया. नदीत, तळ्यात तो पसरून जातो आणि जिवाणू त्याला खाऊन टाकतात. 100 लिटरच्या काचेच्या पेटीत तो जाणार कुठे? तो विरघळलेला असतो, दिसत नाही. पाणी आरशासारखं नितळ असतं आणि मासोळीचे कल्ले भाजत असतात.

याच्यावर उपाय निसर्गातच आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच, ते मासोळीच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेऊ देत नाही, कल्ले तपकिरी पडतात. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे नायट्रेट थोडंफार असलं तर मासोळीला त्रास होत नाही, आणि झाडाला ते खतच आहे. आपल्या शेतात युरिया टाकल्यावर मातीत हेच काम चालतं. मातीतले हे जिवाणू सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास वेगळे काढून दाखवले. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी तुम्ही पाहिल्या असतील, त्यातले जिवाणू वेगळे, पण काम नत्राचंच.

नवीन टाकीत हे जिवाणू नसतात. ते स्पंजवर, खड्यांवर, काचेवर हळूहळू वस्ती करतात आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही पहिल्याच दिवशी 40 मासोळ्या टाकल्या आणि जी काही वस्ती सुरू झाली असेल, ती तिसऱ्या दिवशी घासून, वाळवून, ब्लीचिंगच्या पाण्याने मारून टाकली. दुधाळपणा हा नवीन पाण्यात जिवाणूंची एकदम वाढ झाल्याने येतो, काही दिवसांत आपोआप निवळतो. त्याला हात लावायचा नव्हता.

मैत्रिणींनो, दही लावताना आपण काय करतो? दूध कितीही चांगलं असलं तरी विरजण लागतं, आणि लावल्यावर भांडं हलवायचं नसतं. टाकीचं विरजण म्हणजे जुन्या, चांगल्या चालणाऱ्या टाकीतला मळका स्पंज. आम्हाला तेव्हा तो मिळाला नाही, म्हणून विरजणाशिवाय सुरुवात केली.

उरलेल्या 7 मासोळ्या मोठ्या टबात ठेवल्या, रोज निम्मं पाणी बदलून. टाकीत मुरलेलं पाणी भरलं, पंप आणि स्पंज चालू केला, आणि मासोळी न टाकता रोज चिमूटभर खाद्य टाकलं. शेजारपाजारचे हसायचे, बिनमासोळीच्या टाकीला जेवू घालतात म्हणून. खाद्य कुजून अमोनिया व्हावा आणि जिवाणूंना जेवण मिळावं, हा हेतू. पाणी तपासायची थेंबांची किट आणली. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, सांगितले तेवढे थेंब टाकायचे, रंग चार्टशी जुळवायचा. आमच्या किटमध्ये पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे आहे. नायट्राइटचा रंग गुलाबी-जांभळा होत जातो. अक्षर ओळख नसलेल्या आमच्या एका काकू हे रंग आमच्यापेक्षा अचूक जुळवतात, साडीचं मॅचिंग पाहायची सवय असल्यामुळे असेल.

पंचसूत्रीतलं लेखे लिहिण्याचं सूत्र आपण पैशांसाठी पाळतो. तशीच एक वही पाण्यासाठी घातली. तारीख, अमोनिया, नायट्राइट, खाद्य किती, पाणी किती बदललं, सही. त्या वहीत दिसतं ते असं. चौथ्या दिवशी हिरवा रंग आला. नवव्या दिवशी तो गडद झाला. तेराव्या दिवशी नायट्राइटचा पहिला गुलाबी रंग. विसाव्या दिवशी अमोनिया पिवळा, म्हणजे शून्य, पण नायट्राइट पक्कं जांभळं. इथे धीर सुटतो. एकीने म्हटलंच, आता टाका मासोळ्या, अमोनिया तर गेला. टाकल्या असत्या तर पुन्हा तेच. छत्तिसाव्या दिवशी दोन्ही शून्य आले. आणखी तीन दिवस थांबलो, तरी शून्य. तेव्हा टबातल्या 7 जणी आत गेल्या. आठवड्याने 6 नवीन, त्यानंतरच्या आठवड्याला आणखी 6. दर वेळी थोड्याच, कारण जिवाणूंची वस्ती जेवढं जेवण तेवढीच असते, पाहुणे वाढले की तिलाही वाढायला दिवस लागतात.

दुसरी टाकी लावली तेव्हा पहिलीतला स्पंज तिच्यात ठेवला. ती 11 दिवसांत तयार झाली.

आता पाण्याचं. तुमच्या टाकीत किती लिटर मावतं ते आधी काढा, म्हणजे मीठ, औषध, मासोळी सगळ्याचं गणित बसतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि 1000 ने भागायचं. आमची टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबाने 127 लिटर, पण खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर 100 धरतो.

नळाचं पाणी घ्याल तर उघड्या टबात किमान 24 तास ठेवा, क्लोरीन उडून जातो. आमच्या भागात बोरचं पाणी जड असतं, भांड्यावर पांढरा थर धरतं. गप्पी आणि मोलीला असं पाणी मानवतं, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करा. एका गटाने मासोळीसाठी आरओच्या थंड पाण्याच्या कॅन विकत आणल्या, शुद्ध पाणी म्हणून. त्यात क्षार जवळजवळ काढून टाकलेले असतात. जिवाणू काम करताना पाण्यातले क्षार खर्च होतात, क्षार नसले तर पाणी आंबट होत जातं आणि जिवाणूंचं कामच थांबतं. पैसे गेले ते वेगळेच.

माती परीक्षणाच्या कागदावर सामू लिहिलेला असतो, तो पाण्यालाही असतो. अमोनिया दोन रूपांत राहतो, एक फार विषारी, एक कमी. सामू सातवरून आठ झाला की विषारी रूपाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. पाणी तापलं तरी तो वाढतो. आता विचार करा, बोरचं क्षाराचं पाणी आणि आपला मे महिना, पारा 45 वर. त्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणून हिवाळ्यात खपून जाणारी चूक उन्हाळ्यात एका दुपारी टाकी रिकामी करते. टिनाच्या छताखाली टाकी ठेवू नका. उन्हाळ्यात खाद्य कमी करा, खोलीच्या खिडकीला ओलं बारदान लावा, पंप बंद पडू देऊ नका. लाइट गेली तर आम्ही मगाने पाणी घेऊन वरून परत टाकीत ओततो, हवा मिसळावी म्हणून. दर दहा मिनिटांनी, एकीचा हात दुखला की दुसरी. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, जमेल तेव्हा घेऊन ठेवा.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, सगळं कधीच नाही. काढलेल्या त्या जुन्या पाण्यातच स्पंज दोनदा दाबून काढायचा. तो मळकटच राहिला पाहिजे, नळाखाली न्यायचा नाही. काढलेलं पाणी परसबागेत वांग्याला, मिरचीला घाला, फक्त मीठ किंवा औषध टाकलेलं नसावं. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. मोठी मासोळी दोन दिवस उपाशी राहिली तर काही होत नाही, हे पोरांना आणि पाहुण्यांना सांगून ठेवा. आम्ही खाद्याचा डबा कुलपात ठेवतो.

मासोळी वर येऊन तोंड उघडझाप करत असेल, पंख अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसली असेल, तर आधी पाणी तपासा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर मुरलेल्या, तेवढ्याच गरम पाण्याने तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला, दोन दिवस खाद्य बंद, हवा वाढवा. नायट्राइट असेल तर लिटरला एक ग्रॅम साधं मीठ, म्हणजे 100 लिटरला 100 ग्रॅम, वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडं थोडं घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, पुन्हा पाणी बदला. दुकानातून मिळणारं रंगीत औषध आधी ओतू नका. आम्ही ओतलं होतं. रोग नव्हताच, पाणी खराब होतं.

एक गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. कपाशीच्या फवारणीवरून आल्यावर टाकीत हात घालू नका, अंघोळ करून, कपडे बदलूनही त्या दिवशी शक्यतो दुसरीला सांगा. कीटकनाशकाचा अंशही मासोळीला पुरतो. मच्छर अगरबत्ती आणि लिक्विडची मशीनही त्या खोलीत नको, कारण पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. त्या ताईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही मॅडमनी दिलं होतं, पाळीचा आणि पाण्याचा काहीही संबंध नाही. हात साबण लावून, खूप धुऊन, साबण पूर्ण काढून मगच टाकीत घालायचा, एवढाच नियम, आणि तो सगळ्यांना.

मासोळी कुठून आणायची, असं विचाराल. साधे गप्पी तुम्हाला ठाऊक आहेत, आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी तेच पाण्यात सोडतो. गप्पी हे नाव गप्पांवरून पडलं असं आम्हाला बरेच दिवस वाटायचं. पण रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी नावाच्या माणसाने 1866 मध्ये त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनच्या संग्रहालयाला पाठवले, त्याच्या नावावरून ते पडलं. मादी साधारण महिन्याने पिल्लं देते, अंडी नाही, जिवंत पिल्लं, वीस-तीस तर सहज. म्हणून टाकी पहिल्याच दिवशी भरायची घाई करू नका, ती आपोआप भरते. विकत आणलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीवर तरंगत ठेवा, टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला, मग फक्त मासोळी आत सोडा, पिशवीतलं पाणी नको. आणि नको झालेली रंगीत मासोळी कोलार नदीत किंवा तलावात सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांना ती त्रास देते.

पैशांचं थोडक्यात. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या रंगीत मासे संवर्धनासाठी 3 लाख रुपयांचा प्रकल्प खर्च धरला होता आणि त्यात महिलांना 60 टक्के अनुदान होतं. सध्याच्या अटी नागपूरच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारा. नागपूरला तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथेही शिकलेली माणसं भेटतात. पण आमचं मत विचाराल तर अनुदानाचा अर्ज करण्याआधी एक टाकी सहा आठवडे सांभाळून पाहा. 3 लाखांच्या टाक्यांतही हेच पाणी असणार आहे.

आमचं कर्ज अजून फिटलेलं नाही. अर्ध्याहून थोडं अधिक परत केलं. पिल्लं विकली जातात, पण मोलीचा भाव आमच्या अंदाजापेक्षा कमी मिळतो.

आणि ती ताई. तिसऱ्या बैठकीच्या आधी आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. ज्या बाईने तो प्रश्न विचारला होता, तिलाच पुढे बसवलं. चहा झाला, बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तिने विचारलं, "टाकीत आता काय आहे?" आम्ही सांगितलं, "पाणी. नुसतं पाणी." ती हसली. तेव्हापासून पाण्याची वही तिच्याकडे आहे. लाल शाईने कोणती खूण करायची आणि कोणाला तंबी द्यायची, हे तीच ठरवते. आमच्यापैकी दोघींना मिळालीही आहे.

केळवदच्या एका गटाने मागच्या महिन्यात आमच्याकडून स्पंज नेला. आता बडेगावच्या मैत्रिणी येणार आहेत. त्यांना एवढंच सांगायचं, की येताना रुंद तोंडाचा डबा आणा, साबणाने घासलेला नको. स्पंज आमच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून देऊ, झाकण सैल ठेवा, वाटेत उन्हात थांबू नका आणि त्याच दिवशी तुमच्या टाकीत टाका. तुमचं पाणी आदल्या दिवशीच भरून, मुरवून ठेवलेलं असू द्या.